माणसं आत असताना

कार्तागोत पहाटे राख पडली होती,
फार नाही, मोटारीच्या काचेवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी.
योर्लेनीने बूट दारातच झटकले
आणि बैठकीत सगळ्यांत शेवटी येऊन बसली,
कानामागे एक करडा ठिपका तसाच.

विक्रेता सान होसेहून आलेला, इस्त्रीच्या कडक बाह्यांचा.
त्याने भिंतीवर आकडे लावले :
घनमीटरभर हवेत, अर्ध्या मायक्रॉनचे आणि त्याहून मोठे कण,
वर्ग आठ, पस्तीस लाख वीस हजार.
वर्ग सात, तीन लाख बावन्न हजार.
मग आवाज खाली आणून, गाभाऱ्यापाशी आणतात तसा,
वर्ग पाच. साडेतीन हजार फक्त.
"तान्ह्या बाळांच्या डोक्यात बसणारी नळी करता तुम्ही," म्हणाला.
कोणी बोलेना.
बाळाचं नाव काढल्यावर
कमी स्वच्छता मागायची कुणी?

मालक विल्बर्थ खिशात पेन चाचपू लागले.

मी कण मोजतो. माझं काम तेवढंच.
यंत्र तिपाईवर ठेवायचं,
मिनिटभर खांबासारखं उभं राहायचं,
कागदाची पट्टी फाडायची.
रिकामी असली की कुठलीही खोली संत असते.
दिवे लावा, यंत्रं चालू करा, नऊ बायका आत सोडा :
कातडी गळते, पापणीचा केस गळतो,
निदियाला सकाळपासून खोकला,
मार्लेन कशावरून तरी चिडून झटक्यात वळते,
तेवढ्या वळण्यानेही आकडा उसळतो.
विक्रेत्याचे आकडे संतांचे होते.

योर्लेनी म्हणाली, "नळी उघडी कुठे असते?"
कापताना. पण नंतर धुतली जाते.
तपासताना. तीही धुण्याआधीच.
झडप बसवताना. चार मिनिटं, टेबलावर.
मग पाकीट, मग शिवण, मग संपलं.
"म्हणजे चार मिनिटं,
आणि दोन वितींची जागा.
त्या दोन वितींना द्या वर्ग पाच,
वरून गाळलेली हवा सरळ खाली सोडा.
खोलीला सात पुरे.
कपडे बदलायच्या दालनाला आठ.
आणि मोजणी माणसं आत असताना."

"जास्त स्वच्छ असलं तर बिघडलं कुठे?"

ती हसली नाही. बोटांवर मोजू लागली आणि मध्येच सोडून दिलं.
तासाला शेकडो वेळा बदललेली हवा, तिचं वीजबिल,
ठीक आहे, ते भरता येईल.
पण डोक्यापासून टाचेपर्यंत बंद पोशाख,
पाळीत एकदाच बाहेर जायची मुभा,
नाक खाजतंय आणि हात वर नेता येत नाही.
सहाव्या तासाला घाई होते.
घाईत हातमोजा फाटतो आणि कोणी सांगत नाही.
"तुमच्या तक्त्यात तो कण कुठे आहे?"

अति तिथे माती.
ही म्हण मी आजवर उपमा समजत होतो.

माझी आई राखेच्या दिवसांत झाडायची,
पण सगळीकडे सारखं नाही :
पिण्याच्या पाण्यावर झाकण,
धाकट्याच्या पाळण्यावर ओलं फडकं, तासातासाला पिळलेलं,
आणि पडवी तशीच, करडी, पावलं उमटलेली.
शेजारीण नाक मुरडायची.
आई म्हणे, पडवीला कुठे फुप्फुसं आहेत?

त्या दिवशी सही झाली नाही.
सात महिन्यांनी झाली, वेगळ्याच कागदावर.
पहिली मोजणी माझी. नऊही बायका आत,
निदियाचा खोकला गेलेला, मार्लेनचा राग नाही.
दोन लाख अकरा हजार.
दोन वितींवर, हवेच्या धारेखाली, एकोणीस.
पट्टी फाडली, तारीख घातली.
मार्लेनने मुखवट्याआडून विचारलं, "मी किती होते त्यात?"
खरं म्हणजे बरीच. सांगितलं नाही.

वर्ग नऊ नावाचाही एक असतो,
साध्यासुध्या खोलीतल्या हवेचा. त्याच्याही पलीकडे
फाटकासमोरची कॉफीची गाडी.
योर्लेनी तिथे उभी होती.
राख पुन्हा सुरू झाली होती, बारीक, आवाज न करता.
केसांवर पडू दिली तिने, खांद्यांवर पडू दिली.
कपावर तेवढा तळहात धरला.